पायाखालची जमीन : कामाच्या ठिकाणी पडण्याचे अपघात

बुलढाणा जिल्ह्याचे अर्थजीवन शेतीवर आणि शेतमालावर चालणाऱ्या उद्योगांवर उभे आहे. घाटाखालील खामगावची कापसाची बाजारपेठ इंग्रजी अमदानीपासून वऱ्हाडात प्रसिद्ध आहे. घाटावरील चिखली, मेहकर या भागांत सोयाबीन मोठ्या प्रमाणावर पिकते. या मालाची चढउतार, तोलाई, साठवण, जिनिंग-प्रेसिंग आणि तेल गाळणे या कामांवर असंख्य श्रमिक कुटुंबांची गुजराण होते.

या श्रमिकांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की फिरते पट्टे, उघडी यंत्रे आणि कापसाला लागणारी आग यांकडे प्रथम लक्ष जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु पाय घसरून अथवा ठेच लागून पडणे यास अपघात म्हणावे, असे सहसा कोणाला वाटत नाही. ‘पाहून चालता येत नाही का?’ असे पडलेल्यालाच विचारून प्रकरण मिटविले जाते. हा समज किती चुकीचा आहे, याचा विचार होणे अगत्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक मृत्युमुखी पडतात. घर, रस्ता व कामाची जागा हे सर्व त्यात आले. अनपेक्षित इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे.

घसरणे आणि अडखळणे

या दोन क्रिया भिन्न आहेत. तळपाय व जमीन यांमधील घर्षण कमी झाले म्हणजे पाय पुढे निसटतो आणि मनुष्य बहुधा पाठीवर वा कमरेवर आदळतो. अडखळण्यात पाऊल मध्येच अडते, शरीर मात्र पुढे जात राहते आणि मनुष्य हातांवर वा तोंडावर पडतो. सपाट जमिनीवर चालताना पाऊल जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर उंचीवरून पुढे जाते. म्हणूनच उखडलेली फरशी किंवा आडवी पडलेली दोरी एवढा क्षुल्लक अडथळाही घातक ठरतो.

सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात काय घडते, ते पाहावे. सिमेंटच्या ओट्यावर सांडलेले गोल, कोरडे दाणे पायाखाली छर्ऱ्यांप्रमाणे फिरतात. परतीचा पाऊस झाला असेल, तर काळ्या जमिनीचा चिकट चिखल पायांबरोबर शेडमध्ये येतो. हमालाच्या पाठीवर पोते असते, मान वाकलेली असते आणि मालमोटारीला लावलेली फळी ओली असते. पुढचे पाऊल कोठे पडणार, हे त्यास नीट दिसत नाही. जिनिंगमध्ये सांडलेली सरकी आणि यंत्राखाली ठिबकलेले वंगण, तेलगिरणीत तेलाने माखलेली फरशी, अशीच स्थिती असते. येथे ‘पाहून चाल’ हा उपदेश निरर्थक ठरतो.

कायद्याची भूमिका

कायद्यानेही पडणाऱ्यास दोषी मानलेले नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ मध्ये जमिनी, पायऱ्या, जिने व जाण्यायेण्याचे मार्ग भक्कम बांधणीचे असावेत, ते सुस्थितीत ठेवावेत आणि त्यांवर अडथळे किंवा पाय घसरविणारे पदार्थ राहू देऊ नयेत, अशी तरतूद होती. कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ नुसार मद्याचा अंमल, सुरक्षेच्या आदेशाचे हेतुपुरस्सर उल्लंघन अशा मोजक्या कारणांखेरीज भरपाई नाकारता येत नसे. केवळ बेसावधपणा हे त्यांपैकी एक कारण नव्हते. हे दोन्ही कायदे आता २०२० च्या कामगार संहितांमध्ये समाविष्ट झाले असून त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या आहेत.

तथापि नव्या संहितेतील ‘कारखाना’ या संज्ञेसाठी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान २० आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी किमान ४० कामगार असावे लागतात. गावची पिठाची गिरणी, लहान तेलघाणी, धान्याचे खासगी गोदाम ही ठिकाणे बहुधा या संज्ञेबाहेर राहतात. महाराष्ट्राने माथाडी व हमाल कामगारांसाठी १९६९ साली स्वतंत्र अधिनियम केला, तो त्यांच्या असंघटित स्थितीचा विचार करूनच. पोत्यागणिक हमाली घेणाऱ्याचे मनगट किंवा खुबा मोडला, तर त्या दिवसापासून घरातील मिळकत थांबते. हाड जुळून येईपर्यंत उसनवारी वाढते, मुलाची शाळा सुटते आणि कित्येकदा पूर्वीचे काम पुन्हा करता येत नाही.

अल्प खर्चाचे उपाय

या अपघातांचे निवारण बहुतांशी झाडू, भुसा, चुना आणि दिवा एवढ्या साधनांनी होऊ शकते. सांडलेले धान्य तत्काळ झाडून घ्यावे. तेलावर लाकडाचा भुसा टाकून तो लगेच उचलावा. ओल्या जागेस उतार व नाली असावी. फळीवर आडव्या पट्ट्या ठोकाव्यात. पायऱ्यांची उंची सारखी ठेवून त्यांच्या कडा चुन्याने रंगवाव्यात, कारण एक पायरी जरी कमीअधिक असली, तरी पाऊल चुकते. चढउताराच्या जागी पुरेसा उजेड असावा. ओझ्याचाही विचार व्हावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोग्रॅमची मर्यादा सुचविली होती. त्या दृष्टीने क्विंटलभराच्या पोत्याऐवजी ५० किलोचा कट्टा वापरणे इष्ट होय.

पंचायत सदस्यांनी कार्यालयाच्या पायऱ्या आणि सार्वजनिक नळाचा शेवाळलेला ओटा येथपासून प्रारंभ करावा. तेथे पाणी भरणाऱ्या स्त्रीचे काम हेही कामच आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह शाळेचा व्हरांडा, जिना व पाण्याच्या टाकीभोवतालची जागा पाहून धोक्याच्या ठिकाणांची यादी करावी. अधिकाऱ्यांनी भेटीच्या वेळी नोंदवहीबरोबर जमीनही तपासावी, आणि कोणी पडला, पण लागले नाही, अशा घटनांचीही नोंद ठेवण्यास सांगावे. आज जेथे एकजण सावरला, तेथेच उद्या दुसऱ्याचे हाड मोडण्याचा संभव असतो.

माणूस पडला, तर प्रथम जमिनीकडे पाहावे, माणसाच्या चुकीकडे नंतर. एवढी एक सवय कामाच्या प्रत्येक ठिकाणी रुजली, तर पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्याला निदान पायाखालच्या जमिनीचा भरवसा तरी राहील.