पेंगुळलेला वैमानिक

मारेगावकरांनो, वणीचा कोळसा भरून रात्रभर ट्रक चालवणाऱ्याची मान पहाटे कशी लवते, हे तुम्हाला सांगायला नको. ट्रक निदान कडेला लावून चहा घेता येतो. आकाशात कडेला थांबायची सोय नाही.

आपल्या विदर्भात, गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर, मुलंमुली लहान विमानं चालवायला शिकतात. अशा विमानात बरेचदा वैमानिक एकटाच असतो. डुलकी लागली तर हलवून उठवणारं कोणी नाही. उतरताना विमानाचा वेग ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर. उघड्या डोळ्यांनीही चार सेकंदांची झोप लागू शकते, आणि तेवढ्यात विमान शंभर मीटरहून पुढे जातं. त्यात सगळ्यात अवघड काम, म्हणजे उतरणं, नेमकं शेवटी येतं, माणूस सर्वाधिक थकलेला असताना.

मोठी विमानंही यातून सुटलेली नाहीत. २२ मे २०१० रोजी मंगळूरला पहाटेच्या विमानाला अपघात झाला, १५८ जण गेले. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात मुख्य वैमानिकाचं घोरणं ऐकू आलं. झोपेतून उठल्यावर मेंदू काही वेळ जड राहतो, निर्णय चुकतात. सहवैमानिकाने उतरू नका, असं सुचवलं होतं. आणि झोप टाळूनही भागत नाही: सलग सतरा तास जागलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखाच वागतो, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. मला हीच गोष्ट सर्वांत घातक वाटते.

तुमच्या घरातलं कोणी वैमानिक होत असेल, तर त्याला एवढं सांगा: झोप झाली नसेल, तर आज उडणार नाही, असं बेधडक म्हण.