गाणे ऐकावे, नाव लिहून ठेवावे



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून सिनेमाच्या संगीतावर बोलायचे म्हटले की काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडणार, हे मी धरूनच चाललो आहे. मुले आधीच मोबाईलवर गाणी ऐकत बसतात, त्यात हे आणखी तेल कशाला, असा प्रश्न त्यांच्या मनात असेल. संगीताविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत, हेही मला ठाऊक आहे. ज्या घरात गाणे लावले जात नाही त्या घराशी वाद घालायला मी उभा राहिलेलो नाही. परंतु सिंदी मेघेत काय किंवा लागून असलेल्या वर्धा शहरात काय, बहुतेक घरांत गाणे या ना त्या वाटेने येतेच. येणारच असेल तर ते कानांवरून नुसते वाहून जावे, की त्यातून मुलांच्या पदरात काही पडावे, एवढाच आजचा विषय आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. सिनेमाच्या संगीताचा शौकीन होणे सोपे, संग्राहक होणे कठीण. दोघांत फरक असतो तो एका वहीचा. शौकीन ऐकतो आणि विसरतो. संग्राहक ऐकतो आणि लिहून ठेवतो.

आता लिहून ठेवायचे काय? सर्वांत आधी नाव. १९४९ साली 'महल' हा चित्रपट आला. संगीत खेमचंद प्रकाश यांचे. त्यातले एक गाणे देशभर गाजले. पण रेकॉर्डच्या लेबलवर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. गाणारी मुलगी जेमतेम विशीची होती आणि तिचे नाव लता मंगेशकर. रेडिओवर गाणे ऐकणाऱ्यांनी गायिका कोण, असे विचारायला सुरुवात केली आणि मग खरे नाव लोकांना कळले. मित्रांनो, ज्या आवाजाला पुढे सारा देश ओळखू लागला, त्याचे नावसुद्धा श्रोत्यांना विचारून घ्यावे लागले होते. श्रोत्याने विचारणे किती मोलाचे असते, ते यावरून ध्यानात येईल.

गायकांना नाव मिळाले, संगीतकारांना मिळाले, गीतकारांनाही बऱ्याच अंशी मिळाले. वाजवणाऱ्यांचे काय? मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवणारे कितीतरी कलावंत गोव्याचे होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणापासून स्वर कागदावर वाचायला आणि लिहायला शिकवीत. त्या एका साक्षरतेवर ही मंडळी मुंबईला आली आणि पोटाला लागली. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांची वाद्यरचना बांधली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या पात्राला त्यांचे नाव दिले गेले, म्हणून ते घरोघरी पोचले. शिष्याने गुरूची अशी आठवण ठेवली नसती, तर आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक झाले असते? इतर शेकडो वादकांना असा शिष्य लाभला नाही. रेकॉर्डच्या लेबलवर त्यांच्यासाठी जागाच नव्हती.

पालकहो, यातली शिक्षणाची गोष्ट आपण लक्षात घ्यावी. ज्याला वाचता येत होते त्याला काम मिळाले. मग ते वाचणे अक्षरांचे असो वा स्वरांचे.

आता पार्श्वसंगीताकडे वळू. गाणे आपण गुणगुणतो, पण अडीच-तीन तासांच्या चित्रपटात गाण्यांचा वेळ अर्ध्या-पाऊण तासाचाच असतो. उरलेल्या वेळात भीती, आनंद, वाट पाहणे, शोक हे सारे आपल्या मनावर ठसवण्याचे काम पार्श्वसंगीत करते. चित्रपट जोडून तयार झाला की संगीतकार तो तुकड्यातुकड्याने पाहतो. कुठे सुरू करायचे, कुठे थांबायचे, हे सेकंद मोजून ठरते. पडद्यावर चित्र चालू असते आणि समोर बसलेला वाद्यवृंद त्या चित्राच्या मापाने वाजवतो. किती ठिकाणी काहीच वाजवायचे नाही, हे ठरवणे त्यात सर्वांत अवघड.

ही कला दुर्लक्षित राहण्याचे एक कारण अगदी साधे आहे. लाखेच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच आवाज मावत असे. तेवढ्यात गाणे बसे, पार्श्वसंगीत बसत नसे. पुढे मोठी एल.पी. आली, तरी कंपन्यांनी विकली ती मुख्यत्वे गाणीच. १९६० सालचा बी. आर. चोप्रा यांचा 'कानून' घ्या. त्यात एकही गाणे नाही. संगीत सलील चौधरी यांचे. ते ऐकायचे तर चित्रपटच पाहावा लागतो. १९७५ च्या 'शोले'ने मात्र वेगळा धडा दिला. त्याच्या संवादांची रेकॉर्ड निघाली आणि धडाक्याने खपली. लोकांना गाण्यांपलीकडचा आवाजही घरी हवा असतो, हे त्यातून दिसून आले.

आजच्या विद्यार्थ्यांना ए. आर. रहमान ठाऊक आहेत. २००९ साली त्यांना 'स्लमडॉग मिल्यनेर'साठी दोन ऑस्कर मिळाले. गाण्याचे ऑस्कर सर्वांच्या लक्षात आहे. दुसरे चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी होते, हे किती जण सांगू शकतील? आपल्या जिल्ह्याच्या जवळचे उदाहरण सांगायचे तर १९८२ च्या 'गांधी' चित्रपटाचे घ्या. सेवाग्राम आपल्यापासून काही किलोमीटरवर आहे. गांधीजींवरच्या त्या चित्रपटाचे संगीत पंडित रविशंकर आणि जॉर्ज फेंटन यांचे होते आणि त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. ती माहिती आपल्या मुलांजवळ असायला हवी.

एका माणसाची कहाणी येथे सांगितली पाहिजे. गुलाम मोहम्मद हे राजस्थानातल्या बिकानेरकडचे. तबला-ढोलकात पारंगत. बरीच वर्षे त्यांनी नौशाद यांचे सहायक म्हणून काम केले. १९५४ च्या 'मिर्झा गालिब'चे संगीत त्यांचे. 'पाकिजा'ची गाणीही त्यांनी बांधली. पण चित्रपट पुरा व्हायला वर्षांमागून वर्षे लागली आणि १९६८ साली ते वारले. चित्रपट पडद्यावर आला १९७२ साली. पार्श्वसंगीताचे उरलेले काम नौशादसाहेबांनी केले. आपल्या गाण्यांवर लोक कसे लुब्ध झाले, ते पाहणे गुलाम मोहम्मद यांच्या नशिबी नव्हते. फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कार दुसऱ्या चित्रपटाला गेला, तेव्हा अभिनेते प्राण यांनी निषेध म्हणून स्वतःला मिळालेला पुरस्कार नाकारला. 'पाकिजा'चे गाणे लागले की मीनाकुमारी आठवते. त्याबरोबर गुलाम मोहम्मद हे नाव उच्चारणे आपले कर्तव्य आहे.

नावाचा संबंध हक्काशीही आहे. २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क बळकट झाला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी आवाज उठवला होता. परंतु ज्याच्या नावाची नोंदच नाही, त्याच्या मुलाबाळांनी हक्क कोणत्या आधाराने मागावा?

ही नोंद ठेवण्याचे काम सरकारने किंवा कंपन्यांनी केले, त्याहून अधिक साध्या श्रोत्यांनी केले. १९५२ साली आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली. तेव्हाचे मंत्री बा. वि. केसकर यांना ही गाणी पसंत नव्हती. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. पुढे १९५७ साली आकाशवाणीलाही विविध भारती काढावी लागली. गीतमालेचा दर आठवड्याचा क्रम वहीत उतरवून ठेवणारी मुले त्या काळी गावोगाव होती. अमीन सयानी यांना ही गोडी घरातून लागली होती. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी प्रौढ शिक्षणाचे काम करीत. गांधीजींच्या सांगण्यावरून त्या नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचे पत्र काढीत. सोपी हिंदुस्तानी भाषा आणि देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्या. लहानगा अमीन आईला त्यात मदत करी. ज्या सोप्या, गोड भाषेवर पुढे देश लुब्ध झाला, तिची शाळा ही होती. म्हणजे आपल्या लाडक्या निवेदकाची पाळेमुळे साक्षरतेच्या चळवळीत आहेत.

वहीतून ग्रंथ कसा होतो, हे कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी दाखवले. नोकरी सांभाळून त्यांनी हिंदी चित्रपटांच्या गाण्यांची मोजदाद केली. चित्रपट, गाणे, गायक, गीतकार, संगीतकार, रेकॉर्डचा क्रमांक, सगळे तपासून. 'हिंदी फिल्म गीत कोश'चा १९५१ ते १९६० या दशकाचा खंड १९८० साली निघाला आणि मग इतर दशकांचे खंड आले. हाताशी संगणक नव्हता. पोस्टकार्ड होते, मित्र होते आणि चिकाटी होती.

महाराष्ट्रातले उदाहरणही तसेच आहे. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांची संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक सुरेश चांदवणकर यांनी तिच्या कामाची धुरा वाहिली. 'द रेकॉर्ड न्यूज' हे तिचे नियतकालिक. विज्ञानाचा अभ्यासक तबकडीवरचे क्रमांक जुळवीत बसतो, याचे नवल वाटायला नको. पुरावा पाहावा, ताडून घ्यावा आणि मगच लिहावे, ही शिस्त दोन्हीकडे एकच.

नोंद नसेल तर काय होते, तेही पाहा. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट लागला. फकिराच्या भूमिकेत वझीर मोहम्मद खान यांनी गायिलेले गाणे हे आपल्या बोलपटातले पहिले गाणे. आज त्या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. तो आवाज गेला. चित्रपटात सात गाणी होती, हे आपण सांगू शकतो ते केवळ कुणीतरी कागद जपला म्हणून.

आता आपल्या घरात डोकवा. माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असेल. तीत जुन्या तबकड्या, १९८० च्या दशकातल्या कॅसेटी, कदाचित सिनेमागृहाबाहेर दोन-चार आण्यांना मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका असतील. त्यांतल्या कित्येक पुस्तिका हिंदी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत छापलेल्या असत. दिवाळी किंवा ईदची साफसफाई निघाली की ही पेटी किलोच्या भावाने भंगारात जाते. माझी कळकळीची विनंती आहे, ती देण्याआधी एकदा उघडून पाहा.

जपण्याच्या रीती सोप्या आहेत. तबकड्या पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक आडव्या रचू नयेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात प्लास्टिकची तबकडी पापडासारखी वाकते. म्हणून गच्चीखालची तापणारी खोली टाळावी. लाखेची तबकडी उष्णतेने खराब होते आणि पडली तर फुटते. ही लाख म्हणजे पळस, बोर अशा झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेला पदार्थ. पावसाळ्यात कॅसेटला बुरशी लागते, त्यांना कोरडी जागा हवी. आणि एक पथ्य पाळावे : आपली रेकॉर्ड घरी ऐकणे वेगळे आणि तिच्या नकला काढून विकणे वेगळे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी सुटीतला अभ्यास सांगतो. दोनशे पानी वही घ्या. एका गाण्याला एक पान. चित्रपट, साल, गायक, गीतकार, संगीतकार, ऐकू येणारी वाद्ये. लेबलवर छापलेले एका शाईने लिहा, कुणी सांगितलेले दुसऱ्या शाईने, म्हणजे पक्के आणि ऐकीव यांची सरमिसळ होणार नाही. पुस्तिका उर्दूत असेल आणि तुम्हाला ती लिपी येत नसेल, तर दादीजान किंवा नानाजानजवळ बसून वाचून घ्या. गाण्याच्या निमित्ताने लिपी शिकाल आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी तासभर बोलाल. एखाद्या चित्रपटाची पाच मिनिटे डोळे मिटून ऐका आणि काय काय वाजले ते लिहा. फुकट मिळालेल्या हजार गाण्यांपेक्षा अशी पन्नास पाने तुम्हाला जास्त शिकवतील.

शेवटी पालकांसाठी एक गोष्ट. नौशादसाहेब स्वतः ती हसत हसत सांगत. लखनौच्या त्यांच्या घरात संगीताला विरोध होता, म्हणून ते मुंबईला निघून आले. लग्न ठरले तेव्हा मुलगा मुंबईत शिंपीकाम करतो, असे सासरी सांगण्यात आले. वरातीत बँड वाजत होता तो नेमका त्यांच्याच 'रतन'मधल्या चालींचा. आणि ही गाणी बांधणारा समाज बिघडवतो, असे सासरे बोलत होते. नवरदेव गप्प. याच शिंप्याने पुढे १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये एका गाण्यासाठी शंभर जणांचा कोरस उभा केला आणि १९८१ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराचा तो मानकरी ठरला.

आपल्या मुलाला आपला आवडीचा विषय घरात लपवावा लागू नये, एवढे आपण पाहावे. त्याच्या हातातला मोबाईल काढून घेण्याआधी त्याला विचारा, हे गाणे कुणी बांधले? उत्तर आले नाही, तर त्याच्या हातात वही द्या.