मीटरचे लाल आकडे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या आजी उठून उभ्या राहिल्या. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या. त्या म्हणाल्या, “माझ्या घरी दिवसाला दहा बादल्या पाणी लागत नाही. वरच्या घरात सहा माणसं आहेत, दोनदा मशीन लागतं. मग टँकरचे पैसे दोघांना सारखे का?” मी सोसायटीची खजिनदार. हिशेबाची वही माझ्यापुढे उघडी होती, आणि तिच्यात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, “प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवा, सगळ्यांचं बिल कमी होईल.” तेव्हापासून वर्षभर मी या एका वाक्याच्या मागे आहे. मीटर बसवल्यानं बिल खरंच कमी होतं का?

आजींचा प्रश्न जुना आहे. आपल्या राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांसाठी जे आदर्श उपविधी आहेत, त्यांत पाण्याच्या खर्चाची वाटणी कशी करावी हे लिहिलेलं आहे. प्रत्येक फ्लॅटमध्ये किती तोट्या आहेत आणि त्या किती मापाच्या आहेत, त्यावर. किती पाणी वापरलं, त्यावर नाही. व्यवहारात तर तोट्याही कोणी मोजत नाही. एकूण खर्चाला फ्लॅटच्या संख्येनं भागायचं आणि मेंटेनन्सच्या बिलात एक ओळ लिहायची. ज्या घरात नळ चालू ठेवून दाढी होते आणि ज्या घरात भाजी धुतलेलं पाणी कुंडीला जातं, त्या दोन्ही घरांच्या बिलात तीच ओळ, तोच आकडा.

आता पैशांकडे येऊ. हजार लिटर म्हणजे एक युनिट. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी लागतं, असं पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना साधारण धरतात. चार माणसांच्या घराला रोज 540 लिटर, म्हणजे महिन्याला सोळा युनिटांच्या थोडं वर. मीटर लागल्यावर या घरानं हात आखडता घेतला आणि वापर पाचव्या हिश्श्यानं उतरला, असं समजू. महिन्याला सव्वातीन युनिट वाचली. पाणी नळाचं असेल आणि दर युनिटला दहा रुपये धरला, तर वाचले बत्तीस रुपये. तेच पाणी टँकरचं असेल, दहा हजार लिटरचा टँकर हजार रुपयांना पडत असेल, तर युनिट शंभर रुपयांना गेलं आणि वाचले सव्वातीनशे रुपये.

आता मीटरचा खर्च बघा. फ्लॅटमध्ये पाणी एका पाइपातून येत नाही. गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघराची एक लाइन उतरते, न्हाणीघराची दुसरी, संडासाची तिसरी. प्रत्येक लाइनवर वेगळा मीटर हवा. तीन मीटर, बसवण्याच्या मजुरीसकट सहा हजार रुपये धरू. टँकरवर जगणाऱ्या घरात ही रक्कम दीड वर्षात फिटते. स्वस्त नळाच्या पाण्यावर फिटायला साडेपंधरा वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं तो मीटर नीट चालेलच याची खात्री कोणी देत नाही. म्हणून मला कोणी विचारलं, की मीटरनं पैसे वाचतात का, तर मी उलट विचारते, “तुमचं पाणी येतं कुठून?” शहराच्या कडेला नव्यानं उभ्या राहिलेल्या वस्त्यांत, जिथे डिसेंबरपासूनच टँकरच्या रांगा लागतात, तिथे उत्तर सरळ ‘होय’ आहे. जुन्या गावठाणात, जिथे पालिकेचं पाणी दोन वेळ येतं आणि पाणीपट्टी वर्षाची ठरलेली असते, तिथे नुसत्या पैशांसाठी मीटर बसवा असं मी म्हणणार नाही.

पण या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही, आणि मला तीच सर्वांत मोठी वाटते. गळती.

आम्ही सगळ्या इमारतीला मीटर न लावता आधी आठ घरांत लावून पाहिले. ज्यांनी आपणहून होकार दिला, त्या घरांत. मीटरच्या तबकडीवर काळे आकडे असतात, ते युनिटचे. त्यांच्या शेजारी लाल आकडे किंवा लाल काटे असतात, ते युनिटच्या आतल्या लिटरांचे. आणि बहुतेक मीटरांत मध्ये एक लहानसं चांदणीसारखं चक्र असतं, ते थेंबभर पाण्यानंही हलतं. मी त्या आठ घरांना एकच काम सांगितलं. रात्री झोपताना सगळ्या तोट्या बंद करायच्या, लाल आकडे कागदावर लिहायचे, आणि सकाळी कोणीही उठून पाणी घेण्याआधी पुन्हा लिहायचे. रात्रीत कोणी संडासाला गेलं तर फ्लशचं पाणी वजा धरायचं.

आठपैकी तीन घरांत लाल आकडे रात्रभर पुढे सरकले होते. तिघांच्याही तोट्या कोरड्या होत्या. दोष निघाला तो कमोडच्या फ्लशटाकीत. टाकीच्या तळाचं रबर जुनं झालं की पाणी भांड्याच्या कडेनं बारीक झिरपत राहतं. आवाज नाही, ओल नाही, डोळ्यांना काही दिसत नाही. दर पाच मिनिटांना एक लिटर असं जरी गेलं, तरी दिवसाला 288 लिटर होतात, महिन्याला साडेआठ युनिटांहून अधिक. टँकरच्या भावानं साडेआठशे रुपये. दोन माणसांचं पाणी त्या घरात कोणी न वापरताच वाहून जात होतं. ते रबर बदलायला प्लंबरला अर्धा तासही लागला नाही.

ही गळती ओळखायला मीटरच हवा असं नाही. टाकीत थोडी कपड्यांची नीळ घाला आणि पंधरा मिनिटं फ्लश ओढू नका. भांड्यात निळसर पाणी दिसलं, की रबर गेलं समजा. पण खरं सांगते, मीटर लागेपर्यंत आमच्यापैकी कोणीही ही नीळ घालून पाहिली नव्हती. रोज दिसणारा आकडा माणसाला उठवतो. महिन्याच्या बिलातली सरासरी ओळ उठवत नाही.

स्वतंत्र घरांची गोष्ट वेगळी आहे. माझा धाकटा भाऊ तालुक्याच्या गावी राहतो. तिथे एक दिवसाआड पाणी येतं. मीटर लागला आणि पहिल्याच बिलानं घरचे चक्रावले. पाणी सुटण्याआधी रिकाम्या पाइपातली हवा जोरानं बाहेर पडते, आणि त्या हवेवरही साधा मीटर फिरतो. भावानं समोर उभं राहून हे पाहिलं. मीटर फिरतोय आणि तोटीतून नुसती फुसफुस. याला उपाय मुख्य वाहिनीवर चांगले एअर व्हॉल्व्ह बसवण्याचा आहे, आणि त्याहून मोठा उपाय वाहिनी सतत भरलेली ठेवण्याचा. दिवसाआड पाणी द्यायचं आणि मीटरनं मोजून घ्यायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही. मीटर बिघडला की सरासरीचं बिल येतं, ते आणखी निराळं. तेव्हा आपल्या मीटरचा आकडा आपणही महिन्याला लिहून ठेवावा. तक्रार करायची वेळ आली, तर तीच वही कामाला येते.

सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर आहे. तिथे चोवीस तास पाणी आणि घरोघरी मीटर या दोन्ही गोष्टी जोडीनं आल्या, आणि जास्त वापराला चढता दर लागला. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. नळ कधीही उघडला तरी पाणी येणार, हा भरवसा असेल तर साठवण संपते. आपल्याकडे नवं पाणी आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून ओतून देण्याची रीत आहे. पिंप, हंडे, कळशा, सगळं मोरीत. मीटरची सगळी शिस्त त्या एका सवयीपुढे हरते. पण उद्या पाणी येईल की नाही, ही धास्ती ज्या बाईच्या मनात आहे, तिला त्यासाठी दोष देता येणार नाही.

मीटरनं सगळ्यांचं बिल कमी होतं, हे मात्र खोटं आहे. माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिथे 1990 पूर्वीच्या पुष्कळ घरांना अजून मीटर नाहीत. बिल घराच्या जुन्या करमूल्यावर येतं. मागितला तर पाणी कंपनी मीटर फुकट बसवून देते, आणि परवडलं नाही तर साधारणपणे दोन वर्षांच्या आत जुन्या पद्धतीवर परतता येतं. तिथले लोक एक साधा ठोकताळा सांगतात. घरात माणसांपेक्षा झोपायच्या खोल्या जास्त असतील, तर मीटर घ्यावा. उलटं असेल तर विचार करावा. मोठ्या घरात राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांचा फायदा, लहान घरातल्या लेकुरवाळ्या कुटुंबाचा तोटा.

दिल्लीत महिन्याला वीस हजार लिटरपर्यंत पाणी वापरणाऱ्या घराला बिल शून्य येतं, पण मीटर चालू असला पाहिजे. वीस हजारांच्या वर गेलात, की वरच्याच नाही तर सगळ्या पाण्याचे पैसे भरावे लागतात. तिथे एकोणीस युनिट वापरणाऱ्याला मीटर वरदान आहे. ज्या घरात तीन पिढ्या एकत्र नांदतात, आजारी माणूस आहे, तान्हं मूल आहे, ते घर एकवीसवर सहज जातं, आणि त्यात उधळपट्टी काहीच नसते.

म्हणून आमच्या सभेत जेव्हा पुन्हा हा विषय निघाला, तेव्हा मी वरच्या मजल्यावरच्या त्या सहा जणांच्या घराची बाजू मांडली. त्यांना सहा माणसांचं पाणी लागणारच. फ्लॅटमागे एकच मर्यादा घातली, तर आजींना न्याय देताना त्यांच्यावर अन्याय होतो. मर्यादा माणसामागे हवी. बरीच चर्चा झाली, दोन सभा लागल्या. शेवटी ठरलं ते असं. पंपाची वीज, टाक्यांची सफाई, वॉचमननं पाणी सोडणं, हा खर्च सगळ्यांना सारखा, कारण तो पाणी कमी वापरलं तरी चुकत नाही. टँकरचा आणि नळाचा खर्च मीटरप्रमाणे. माणशी 135 लिटरपर्यंत साधा दर, त्यापुढे दीडपट. घरी आजारी माणूस असेल तर समितीला कळवायचं, त्या घराला दीडपट दर नाही. आणि सगळ्या फ्लॅटच्या मीटरची बेरीज दर महिन्याला इमारतीत आलेल्या एकूण पाण्याशी ताडून पाहायची. त्यात जी तफावत निघेल ती जमिनीखालच्या टाकीची, गच्चीवरून वाहणाऱ्या पाण्याची, बिघडलेल्या बॉलकॉकची. ती दुरुस्त करणं समितीचं काम, सभासदाच्या माथी मारायचं नाही.

उरलेल्या घरांत मीटर बसून आता तीन महिने झालेत. आजींचं पाण्याचं बिल निम्म्याच्या खाली आलं आहे. वरच्या मजल्यावरचं थोडं वाढलं आहे, आणि ते त्यांनी तक्रार न करता भरलं आहे. टँकर आठवड्याला दोन कमी लागतात. त्यातला मोठा वाटा त्या झिरपणाऱ्या फ्लशटाक्यांचा आहे, कारण सगळीकडे शोध घेतल्यावर अशा आणखी पाच निघाल्या.

श्रोतेहो, तुमच्या घरी मीटर असेल तर आज रात्री झोपण्यापूर्वी सगळे नळ बंद करा आणि लाल आकडे एका कागदावर लिहून ठेवा. मीटर नसेल तर फ्लशच्या टाकीत चिमूटभर नीळ घाला. सकाळी काय दिसतं ते पाहा, आणि प्लंबरला बोलवायचं असेल तर उद्याच बोलवा.