चवदार तळे : पाण्याकाठचे स्मारक
सारोळ्याहून भोरमार्गे वरंधा घाट उतरला की महाड लागते. तेथील चवदार तळे हे न्यायाच्या लढ्याचे असे सार्वजनिक स्मारक आहे, जिथे पुतळ्याइतकेच पाणीही इतिहास शिकवते. बोले ठरावाने, म्हणजे सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करणाऱ्या १९२३ च्या मुंबई कायदेमंडळाच्या ठरावाने, मिळालेला हक्क कागदावरच राहिला होता. तो २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पायऱ्या उतरून, ओंजळीने पाणी पिऊन बजावला आणि त्यांच्यामागून सत्याग्रहींनीही. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, हेही मुलांना तळ्याकाठी उभे करूनच सांगितले पाहिजे. तळ्याच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागला, तो मात्र दहा वर्षांनी, मार्च १९३७ मध्ये.