एक्झिक्युटरकडे हिशेब मागा



कुर्ल्यात वारसांचे वाद बहुधा चाळीतली खोली, एखादा गाळा किंवा बँकेतली ठेव यांवरून होतात. वडील मृत्युपत्रात थोरल्या मुलाला नाहीतर मामांना एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, नेमतात. पुढे वर्षं जातात. गाळ्याचं भाडं कुणाकडे जमा होतं, कळत नाही. बहिणीनं विचारलं की ऐकावं लागतं, “माझ्यावर विश्वास नाही का?”

बहिणीनं तरीही विचारावं. 1925चा भारतीय उत्तराधिकार कायदा तिच्या पाठीशी आहे. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता, मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची आणि देण्याघेण्याची पूर्ण यादी, आणि वर्षभरात जमाखर्च न्यायालयात द्यावा, असं कलम 317 सांगतं. न्यायालय मुदत वाढवू शकतं. जाणूनबुजून खोटा हिशेब देणं मात्र गुन्हा आहे.

मोबदल्यावरून फार फसवणूक होते. “मी हेलपाटे घातले, विक्रीतले इतके टक्के माझे,” असं परस्पर ठरवता येत नाही. महाप्रशासक या सरकारी अधिकाऱ्यासाठी ठरलेल्या दरापेक्षा जास्त कमिशन एक्झिक्युटरला घेता येत नाही. कलम 309 पाहा. कोर्ट फी, कर, दुरुस्ती हा रास्त खर्च इस्टेटीतून होतो, पण प्रत्येक रकमेची पावती मागा.

एक्झिक्युटरची बाजूही सांगायला हवी. आधी अंत्यविधीचा आणि प्रोबेटचा खर्च, मग कर्जं, हे सगळं त्यालाच निस्तरायचं असतं. म्हणून मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत मृत्युपत्रातल्या देणग्या वाटण्याचं बंधन त्याच्यावर नाही. तिसऱ्याच महिन्यात भांडायला उठू नये.

वर्ष उलटूनही उत्तर नसेल, तर स्पीड पोस्टानं लेखी हिशेब मागा, पोचपावती जपून ठेवा. मुंबईत शहर दिवाणी न्यायालयाला मृत्युपत्राच्या कामाचा अधिकार नाही. कुर्लेकरांनाही फोर्टला उच्च न्यायालयातच जावं लागतं. कलम 301 खाली ते न्यायालय एक्झिक्युटरला दूर करू शकतं. त्यानं मालमत्तेचा गैरवापर करून नुकसान केलं असेल, तर कलम 368 प्रमाणे ते त्यानंच भरून द्यायचं असतं. अर्ज करण्याआधी वकिलाला कागद दाखवा. वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.

आणि बहिणींनो, पूर्ण हिशेब वाचल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही करू नका.