सेवेचा ओव्हर कुणाला देणार?



मागे तुमच्या नर्सिंग कॉलेजच्या नाटकाचं नेपथ्य अर्धं उभं आहे, विंगेत लावणीवाल्या मुली घुंगरू बांधून बसल्यात, आणि मधे मी माईक धरून उभी आहे. प्रमुख पाहुणीचं भाषण म्हणजे जेवणाआधीचं औषध. घ्यावंच लागतं, पण डोस कमी असलेला बरा, हे मला समजतं. तेवढाच देते.

प्राचार्य मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "तुमच्या त्या आफ्रिकेतल्या जहाजाबद्दल बोला, मुलींना परदेशाची फार ओढ असते." म्हणून त्या जहाजावरचा एक दिवस सांगते. ओढ वाढेल की कमी होईल, ते तुमचं तुम्ही ठरवा.

पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओन नावाचा छोटा देश आहे. त्याची राजधानी फ्रीटाउन. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी 1792 मध्ये तिथे वस्ती केली, म्हणून ते नाव. हिऱ्यांच्या खाणी असलेला हा देश गरीबच राहिला. 1991 ते 2002 अशी अकरा वर्षं यादवी युद्ध झालं. त्यातून सावरतो न सावरतो तोच 2014 मध्ये इबोला आला.

'मर्सी शिप्स' ही 1978 मध्ये सुरू झालेली ख्रिस्ती संस्था दवाखान्याची जहाजं चालवते. त्यांचं 'ग्लोबल मर्सी' हे जहाज 2023 च्या ऑगस्टमध्ये फ्रीटाउनच्या बंदराला लागलं. 174 मीटर लांब, 12 मजले, 6 ऑपरेशन थिएटर, आणि सगळे उपचार मोफत. मी नगरच्या ख्रिस्ती घरात वाढलेली, जन्मभर सरकारी वॉर्डात ड्युटी केलेली बाई. रिटायर झाल्यावर तिथे स्वयंसेविका म्हणून गेले. पगार नाही. प्रवासाचा खर्च ज्याचा त्याने उभा करायचा. आमच्या चर्चच्या मंडळींनी वर्गणी काढली, तेव्हा माझं तिकीट निघालं.

तिथली सकाळ तुमच्या सकाळसारखीच असते. सातच्या सुमाराला रात्रपाळीकडून ओव्हर, म्हणजे रुग्णांचा ताबा, घ्यायचा. खाटेखाटेपाशी उभं राहायचं: ताप किती, ड्रेन किती, रात्री झोप लागली का, युरीन झाली का. त्यानंतर ज्याला इच्छा असेल त्याने प्रार्थनेत सामील व्हायचं. वॉर्डला खिडक्या नाहीत, कारण आपण जहाजाच्या खालच्या मजल्यांवर असतो. बाहेर ऊन आहे की पाऊस, पत्ता लागत नाही. आणि प्रत्येक लहान मुलाच्या खाटेखाली एक गादी असते. तिच्यावर त्याची आई झोपते. आपल्याकडे नातेवाईक खाटेखाली झोपला की आपण त्याला उठवतो. तिथे त्याची सोयच करून ठेवलेली असते.

आमच्या वॉर्डात भाजलेली मुलं जास्त. कारण तुम्हाला सांगायला नको. तीन दगडांची चूल, तिच्यावर भाताचं पातेलं, आणि आजूबाजूला रांगतं पोर. भाजलेलं वेळेवर दाखवलं नाही, नीट ड्रेसिंग झालं नाही, तर कातडी आखडत जाते. हनुवटी छातीला चिकटते, दंड बरगड्यांना चिकटतो. असे रुग्ण एकटदुकट नसतात. सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया जगातल्या 500 कोटी लोकांच्या आवाक्याबाहेर आहे, असा अंदाज 'लॅन्सेट'च्या आयोगाने 2015 मध्ये मांडला होता. आकडा वाचताना काही वाटत नाही. पण सात-आठ वर्षांची मुलगी केस विंचरायला हात वर नेऊ शकत नाही, हे पाहिलं की तो आकडा कळतो.

अशीच एक मुलगी माझ्याकडे होती. आखडलेली कातडी सोडवून, मांडीची कातडी घेऊन बगलेत ग्राफ्ट लावला होता. हात वर राहावा म्हणून एअरप्लेन स्प्लिंट. पहिलं मोठं ड्रेसिंग माझ्या पाळीत आलं. अर्धा तास आधी वेदनाशामक दिलं, सलाईनने गॉज भिजवला, ट्रे मांडला. माझी तयारी चोख होती. मुलीने ट्रे पाहिला आणि असा टाहो फोडला की पलीकडच्या वॉर्डातून डोकी वर झाली.

माझ्याबरोबर त्या शहरातलीच एक तरुणी होती. दुभाषी म्हणून पगारावर घेतलेली, नर्सिंगचं शिक्षण नसलेली. तिने मला हातानेच 'थांबा' म्हणून खूण केली. आधी आईला विचारलं, "हाउ दि बॉडी?" तिथल्या क्रिओ भाषेत तब्येत अशी विचारतात, आणि ती विचारल्याशिवाय कुणी कामाचं बोलत नाही. मग मुलीच्या शेजारी बसून तिने माझे जादा ग्लोव्ह्ज मागून घेतले, मुलीच्या चांगल्या हातात घातले आणि जाहीर केलं, आज मोठी सिस्टर ही, आणि ही भारतातली बाई हिची विद्यार्थिनी. पहिली चिकटपट्टी मुलीने स्वतः काढली, नखाने, एकेक सूत. दुखलं की ती 'थांब' म्हणायची आणि मी थांबायची. ड्रेसिंगला दुप्पट वेळ लागला, पण ती एकदाही किंचाळली नाही. ग्राफ्ट गुलाबी होता, छान धरलेला. शेवटच्या गॉजखाली तो दिसला तेव्हा तिने मान वाकवून पाहिलं आणि मला क्रिओत काहीतरी सुनावलं. दुभाषी हसून म्हणाली, "ती म्हणतेय, पुढच्या वेळी पाणी थोडं कोमट आणा."

पुढे स्प्लिंटमधून हात काढून व्यायाम सुरू झाले. तेव्हा आईने भिंतीवर एक चिकटचित्र लावलं. मुलीचं बोट तिथे पोचलं की दुसऱ्या दिवशी ते चित्र चार बोटं वर. फिजिओथेरपिस्ट दिवसातून थोडा वेळ यायचे, बाकीचे तास त्या माउलीचे होते.

मैत्रिणींनो, या दिवसात माझा वाटा किती होता याचा मी प्रामाणिकपणे हिशोब केला. शस्त्रक्रिया सर्जनची. धीर दुभाषीचा. व्यायाम आईचा. त्याच आठवड्यात दुसऱ्या रुग्णाला तातडीने रक्त लागलं. जहाजावर मोठी रक्तपेढी नसते, जहाजावरची माणसंच रक्तपेढी असतात. स्वयंपाकघरातल्या नाही तर इंजिनरूममधल्या कुणाला बोलावणं जातं आणि त्याचं ताजं रक्त खालच्या वॉर्डात रुग्णाला चढतं. सात समुद्र ओलांडून आलेली मी त्या साखळीतली एक कडी होते, आणि बदलता येण्यासारखी कडी होते. दुभाषी तरुणी मात्र बदलता आली नसती.

आता थोडं कडू बोलते. परदेशात सेवेला जाणाऱ्यांमध्ये असेही गट मी पाहिलेत, की आठवडाभर येतात, शाळेची भिंत रंगवतात, उघड्यानागड्या मुलांना कडेवर घेऊन फोटो काढतात आणि जातात. ती भिंत रंगवून चार पैसे मिळवणारा रंगारी त्याच गावात बसलेला असतो. असं हिंडणं म्हणजे सहल. सहलीला जायला माझी हरकत नाही, पण तिला सेवा म्हणू नये. आपल्याकडेही मेळघाटात फळवाटप करून, बॅनर धरून फोटो काढणारे आहेतच की.

आणि आपण तिथे धैर्य शिकवायला जातो, हा भ्रम तर मुळीच नको. इबोलाच्या साथीत केनेमाच्या सरकारी रुग्णालयात डॉ. शेख उमर खान रुग्ण तपासत राहिले आणि जुलै 2014 मध्ये त्याच आजाराने गेले. त्याच रुग्णालयातल्या नर्सेसही गेल्या. तोकडी साधनं, तरी त्या ड्युटीवर येत होत्या. त्या देशाला आपण सेवाभाव काय शिकवणार?

तुमच्यातल्या काहींच्या मनात प्रश्न असेल की ख्रिस्ती जहाज, म्हणजे धर्माचं काय? सिएरा लिओनमध्ये बहुसंख्य मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत, आणि दोघांची चांगली सोयरीक आहे. एका खाटेवर आई तसबी ओढत असते, शेजारची बायबल वाचत असते. उपचार धर्म विचारून होत नाहीत, आणि मला तर ते असेच हवेत. माझी श्रद्धा मला तिथवर घेऊन गेली, हे मी लपवत नाही. पण श्रद्धा माझ्या पायांना बळ द्यायला आहे, रुग्णाला अट घालायला नाही.

माझ्या धर्मग्रंथातली एक गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. चोरांनी मारहाण करून अर्धमेला टाकलेला वाटसरू, त्याला न पाहिल्यासारखं करून गेलेले प्रतिष्ठित लोक, आणि मग त्याच्या जखमा बांधणारा परका शोमरोनी. सगळे इथेच थांबतात. गोष्ट पुढे आहे. तो त्या जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो, सकाळी रखवालदाराच्या हातावर दोन नाणी ठेवतो, याची काळजी घे म्हणतो, आणि जादा खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन, असा शब्द देतो. आपल्या भाषेत, त्याने ओव्हर दिला. पैशांसकट दिला आणि पुन्हा येण्याच्या बोलीने दिला. जखम भरेपर्यंत उठबस केली ती त्या रखवालदाराने. त्याच्यावर कुणी प्रवचन करत नाही.

मी जहाजावर शिकले ते एवढंच. जहाज एक दिवस नांगर उचलणार. मागे कोण उरणार? म्हणूनच तिथे शस्त्रक्रियांच्या बरोबरीने स्थानिक डॉक्टर, भूलतज्ज्ञ, नर्सेस यांना शिकवण्याचं काम चालतं. माझ्या मते ऑपरेशनइतकंच ते महत्त्वाचं आहे.

हे आपल्याला दूरच्या गोष्टीवरून शिकायला नको. सिंथिया फरार नावाची अमेरिकन मिशनरी बाई 1827 मध्ये मुंबईत आली आणि पुढे आमच्या नगरला मुलींना शिकवत राहिली. शिक्षिका होण्याचे धडे गिरवायला तिच्याकडे आल्या सावित्रीबाई फुले. फरारबाई किती गावं हिंडल्या, हे आज कुणी विचारत नाही. पण 1848 मध्ये पुण्याला भिडेवाड्यात जी शाळा भरली, तिने महाराष्ट्राच्या लेकींचं नशीब पालटलं. परक्या बाईने दिलेला ओव्हर इथल्या बाईने घेतला, आणि घेऊन ती देणारीच्या कितीतरी पुढे गेली. आज या सभागृहात एवढ्या मुली पांढरा कोट घालून बसल्या आहेत, त्याची एक वाट तिथून आली आहे.

तेव्हा तुमच्यातली कुणी उद्या आखातात जाईल, कुणी इंग्लंडला, कुणी एखाद्या सेवाभावी संस्थेबरोबर आफ्रिकेत. जरूर जा. जाण्याआधी एवढंच विचारा, की तिथल्या माणसांनी मला बोलावलंय का, मी तिथे कुणाच्या हाताखाली काम करणार, आणि परतताना माझं काम कुणाच्या हाती देणार. उत्तर मिळालं तर बॅग भरा. नाही मिळालं तर तिकिटाचे पैसे तिथल्या एखाद्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी पाठवा. त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि ज्या इथेच राहतील, पीएचसीला, ग्रामीण रुग्णालयात, त्यांनी आपण मागे पडलो असं वाटून घेऊ नये. उतारशाळेचे रखवालदार तुम्हीच आहात. उद्या तुमच्या वॉर्डात ड्रेसिंगला एखादं पोर रडलं, तर मावशींना, त्याच्या आईला, शेजारच्या खाटेवरच्या आजीला विचारा, याला कसं समजवायचं. त्यांना माहीत असतं. आपण विचारत नाही.

आज ज्यांना बक्षिसं मिळणार आहेत त्यांचं अभिनंदन. ज्यांना मिळणार नाहीत त्यांनी नाराज होऊ नये. मला कॉलेजात एकच बक्षीस मिळालं होतं, रांगोळीचं, तेही तिसरं, आणि स्पर्धक तिघीच होतो.

माझी पाळी संपली. आता स्टेजचा ओव्हर मी त्या घुंगरूवाल्या मुलींना देते. नाचा दणक्यात, आम्ही शिट्ट्या वाजवायला खाली बसतो आहोत.