दंतवैद्याची खुर्ची आणि गाणें



गेल्या महिन्यांत माझ्या सात वर्षांच्या नातवाची दाढ किडली. “कांहीं दुखणार नाहीं,” असें सांगून मीं त्याला दंतवैद्याकडे नेलें. दाढ कोरण्याचें यंत्र घोंघावूं लागतांच त्यानें तोंड मिटलें. माझ्याकडे त्यानें असें पाहिलें कीं, जन्मभर मुलांना सत्य बोलण्याचे धडे देणारा मी खालीं पाहूं लागलों.

दुसऱ्या खेपेस डॉक्टरीणबाईंनीं हिरडी बधिर केली, त्याच्या कानांवर हेडफोन चढविले, गाणें त्यालाच निवडूं दिलें आणि आवाज लहानमोठा करण्याची कळ त्याच्याच हातीं ठेविली. डावा हात वर केला कीं यंत्र थांबे.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंत गार्डनर नांवाचे दंतवैद्य व शास्त्रज्ञ लिक्लायडर यांनीं १९६० सालीं असाच प्रयोग प्रसिद्ध केला. रोग्याच्या कानांत संगीत व धबधब्यासारखा ध्वनि, आणि कळ रोग्याच्याच हातीं!

संगीतानें दाढ बधिर होत नाहीं. तें काम औषधाचेंच. संगीत यंत्राचा कर्कश आवाज झांकतें, मन गुंतवितें. मात्र डॉक्टरांचें बोलणें ऐकूं येईल इतकाच आवाज असावा. आणि गाणें निवडणारें मूल जाणतें कीं, येथें माझेंहि कांहीं चालतें.

पण गाण्याआधीं एक गोष्ट हवी. त्या दुसऱ्या खेपेस निघतांना नातवानें विचारलें होतें, “आजोबा, दुखेल?” मीं म्हटलें, “सुई टोंचतांना थोडें दुखेल.” क्षणभर विचार करून तो म्हणाला, “मग गाणें कोणतें लावूं?”